नाकाला सवय होते, तेव्हा जनुकं काय करत असतात?

एकाच जातीचे, एकाच वयाचे, जवळजवळ तंतोतंत सारखी जनुकं असलेले दोन उंदीर घ्या. एकाला नेहमीच्या पिंजऱ्यात राहू द्या आणि दुसऱ्याला वेगळ्या वासाच्या पिंजऱ्यात हलवा. काही तासांनी दोघांच्या नाकातल्या, वास टिपणाऱ्या चेतापेशी तपासल्या, तर कोणती जनुकं किती जोरात काम करताहेत याचं चित्र दोघांत वेगळं दिसतं. आजार नाही, औषध नाही, विष नाही. हवेतला वास बदलला, एवढंच.

शाळेत शिकलेल्या जीवशास्त्रात हे बसत नाही. तिथे नाकाकडे निरोप्याचं काम असतं: हवेतले रेणू टिपायचे आणि मेंदूला कळवायचं. सवय होणं, दुर्लक्ष करणं, नवं काय आणि जुनं काय हे ठरवणं, ही सगळी मेंदूची कामं. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या संशोधनाने ही वाटणी मोडीत काढली आहे. नाकातली चेतापेशी आजवर कोणत्या वासांच्या संपर्कात आली याची खूण तिच्या जनुकांच्या कामकाजात उमटते, आणि पुढच्या वासाला किती जोरात प्रतिसाद द्यायचा हे त्या खुणेवरून बऱ्याच अंशी ठरतं. मेंदूचा संबंध येतो तो त्यानंतर.

एक घोळ मात्र आधीच निस्तरायला हवा, कारण या विषयावरच्या बातम्यांचे मथळे हमखास तिथे घसरतात. वासाने जनुकं बदलत नाहीत. डीएनएमधला मजकूर आहे तसाच राहतो. बदलते ती त्या मजकुराची वापरण्याची पद्धत. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा सारखाच संच असतो, तरी यकृताची पेशी आणि डोळ्याची पेशी वेगळी असते, कारण दोघींनी वेगवेगळी जनुकं चालू ठेवलेली असतात. जनुक चालू असतं म्हणजे त्याची आरएनए-प्रत काढली जाते. या प्रतीला एमआरएनए म्हणतात. तिच्यावरून प्रथिन बनतं आणि प्रत्यक्ष काम ते प्रथिन करतं. एखाद्या जनुकाच्या प्रती किती निघाल्या हे मोजलं, की ते किती सक्रिय आहे याचा अंदाज येतो. हल्ली हे मोजमाप एकेका सुट्या पेशीत करता येतं. हे तंत्र हाती आलं नसतं, तर पुढची निम्मी गोष्ट कुणाला कळलीच नसती.

एका पेशीला एकच ग्राही

नाकाच्या पोकळीत अगदी वर, छताला, काही चौरस सेंटिमीटरचा एक पट्टा असतो. माणसात तिथे काही दशलक्ष गंधपेशी असतात. या खऱ्याखुऱ्या चेतापेशी आहेत. त्यांचं एक टोक नाकातल्या चिकट स्रावात बुडालेलं असतं आणि त्यावर बारीक केसांसारखे तंतू असतात. दुसरं टोक कवटीच्या हाडातल्या बारीक छिद्रांतून वर जाऊन थेट मेंदूच्या घ्राणकंदात, म्हणजे वासाचे संदेश मेंदूत पहिल्यांदा जिथे येतात त्या भागात, पोचतं. चेतापेशी म्हटलं की डोळ्यांसमोर कवटीत सुरक्षित बसलेली पेशी येते. या मात्र बाहेरच्या हवेपासून स्रावाच्या एका पातळ थराइतक्याच दूर असतात, आणि धूळ, विषाणू, रसायनं सगळं झेलतात.

त्या तंतूंवर ग्राही नावाची प्रथिनं असतात. वासाचा रेणू ग्राहीत बसला की पेशीत साखळी प्रक्रिया सुरू होते: सायक्लिक एएमपी नावाचा रेणू वाढतो, पेशीच्या आवरणातले मार्ग उघडतात, कॅल्शियम आत येतं आणि विजेचा संदेश मेंदूकडे निघतो. या ग्राहींची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली आणि त्यासाठी त्यांना २००४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. आकडा थक्क करणारा आहे. उंदरात अशी चालू स्थितीतली जनुकं साधारण हजार-अकराशे, माणसात साधारण चारशे. रंग पाहायला माणसाला तीन प्रकारच्या शंकूपेशी पुरतात. वासासाठी चारशे प्रकारचे ग्राही लागतात.

यातली खरी गंमत अशी की गंधपेशी या हजार जनुकांपैकी फक्त एकच वापरते. तेही आई आणि वडील यांच्याकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एकाच प्रतीवरून. बाकी सगळी बंद. पेशी घडत असताना ही जनुकं केंद्रकात घट्ट गुंडाळून ठेवली जातात. मग त्यांच्यातलं एक मोकळं होतं. त्याला चालना देणारे डीएनएचे तुकडे वेगवेगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेले असतात आणि ते केंद्रकात एकत्र गोळा होऊन त्या एका जनुकावर काम करतात. स्टॅव्हरोस लोमवर्दास यांच्या गटाने या तुकड्यांना ग्रीसमधल्या बेटांची नावं दिली. लिप्सी हे त्यातलंच एक. विज्ञानात नावं ठेवण्याचा असा मोकळेपणा क्वचित दिसतो, म्हणून सांगितलं. एक ग्राही बनू लागला, की त्याच्याच बनण्यातून पेशीला खूण मिळते की आता दुसरा निवडायचा नाही. निवड पक्की होते आणि आयुष्यभर टिकते.

या निवडीत वासाचा हात नसतो. पेशी कुठला ग्राही घेणार हे तिने पहिला वास घेण्याआधीच ठरून जातं. त्यामुळे ‘अमुक वास सतत घेतला म्हणून पेशींनी तो ओळखणारा ग्राही बनवायला घेतला’ अशी सोयीची कल्पना इथेच निकालात निघते. वासाचा प्रभाव पडतो तो इतर गोष्टींवर: निवडलेला ग्राही किती बनवायचा, आलेला संदेश किती मोठा करायचा, आणि पेशीने किती दिवस जगायचं.

सेकंद, मिनिटं आणि अर्धा तास

एखाद्या खोलीत शिरताना जाणवलेला वास थोड्या वेळाने जाणवेनासा होतो, हा अनुभव सगळ्यांचा आहे. त्याचा पहिला भाग अगदी झटपट घडतो आणि त्यात जनुकांचा काही संबंध नसतो. आत आलेलं कॅल्शियमच उलट फिरून आवरणातल्या मार्गांची संवेदनशीलता कमी करतं. वास निघून गेला की पेशी लवकरच पूर्ववत होते.

वास टिकून राहिला तर गोष्ट केंद्रकापर्यंत जाते. जिनिव्हा विद्यापीठातल्या इव्हान रोद्रिगेझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. जागत्या, मोकळ्या फिरणाऱ्या उंदरांना एखादा वास दिला, की त्या वासाने उद्दीपित झालेल्या पेशींमध्ये ग्राहीच्याच एमआरएनएची पातळी खाली येते. त्यासाठी अर्धा तासही पुरतो. ज्या पेशींना तो वास कळलाच नाही त्यांच्यात काही बदल होत नाही. पेशी ज्या ग्राहीमुळे उत्तेजित झाली, त्याच्याच प्रती कमी करून ती जणू हात आखडता घेते.

या निरीक्षणाचा त्यांनी लगेच उपयोग करून घेतला, आणि मला तो मूळ निरीक्षणाइतकाच आवडतो. हजारभर ग्राहींपैकी कोणता ग्राही कोणता वास ओळखतो, हे बहुतेक ग्राहींच्या बाबतीत माहीत नव्हतं. एकेक ग्राही प्रयोगशाळेतल्या पेशींत बसवून तपासणं कटकटीचं काम, कारण हे ग्राही परक्या पेशीत नीट बसतच नाहीत. त्यापेक्षा उंदराला वास द्या, नंतर नाकातल्या सगळ्या ग्राहींचे एमआरएनए मोजा आणि कुणाची पातळी घसरली ते पाहा. ज्याची घसरली तो त्या वासाचा ग्राही. पेशीच्या सवयीतूनच तिची ओळख पटते.

काही तासांत हलणारा रेग्युलेटर

या विषयातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं काम २०२१ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूलमधल्या संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या प्रयोगशाळेतून ‘सेल’ या नियतकालिकात आलं. त्यांनी उंदरांच्या नाकातल्या गंधपेशींचा एकेक करून हिशेब मांडला. तोवरचा समज असा होता, की गंधपेशी सगळ्या सारख्याच, फरक फक्त ग्राहीचा. प्रत्यक्षात प्रत्येक ग्राहीच्या पेशींचा जनुकांचा स्वतःचा असा नमुना निघाला. नुसत्या इतर जनुकांच्या आकड्यांवरूनही पेशींचे गट वेगळे ओळखता येत होते.

हा नमुना ठरतो दोन गोष्टींच्या भेटीतून: पेशीकडे कोणता ग्राही आहे आणि भोवतालच्या हवेत काय आहे. सत्तरपेक्षा जास्त जनुकांची पातळी या भेटीप्रमाणे कमी-जास्त होत होती. ही जनुकं अशीतशी नव्हती. वासाच्या रेणूपासून विजेच्या संदेशापर्यंतच्या वाटेवर ज्यांचं काम पडतं, अशी ती होती. उंदीर नव्या वातावरणात नेला की काही तासांत पातळ्या नव्याने जुळत. आणि त्या पातळ्या पाहून एखाद्या प्रकारच्या पेशी वासाला किती प्रतिसाद देतील याचं भाकीत करता येत होतं, तेही अचूक.

पंख्याचा रेग्युलेटर असतो तसं हे आहे. चालू-बंद करणारं बटण एकच काम करतं. रेग्युलेटर हळूहळू वर-खाली सरकतो आणि जिथे ठेवला तिथे राहतो. गंधपेशीत असा रेग्युलेटर आहे. तो कुणी बोटाने फिरवत नाही, त्या पेशीला गेल्या काही तासांत किती काम पडलं त्यावर तो सरकतो. भोवतालच्या हवेत सतत असलेल्या वासाने जी पेशी सारखी उद्दीपित होते, तिचा रेग्युलेटर खाली येतो. जी पेशी स्वस्थ बसून आहे, तिचा वर राहतो. मग हवेत एखादा वेगळा रेणू आला, की तो टिपणारी पेशी पूर्ण तयारीत असते, आणि नेहमीच्या वासाची पेशी कुजबुजण्यापुरती बोलते.

नाकाची एक बाजू तात्पुरती बंद करण्याचा प्रयोग या क्षेत्रात फार जुना आहे आणि इथेही तो कामी आला. एकाच प्राण्याच्या दोन नाकपुड्या, एकीत हवा जाते आणि दुसरीत नाही. दोन्ही बाजूंचं रक्त तेच, संप्रेरकं तीच, मेंदूही तोच. फरक पडला तर तो त्या बाजूने आत आलेल्या वासामुळेच, असं छातीठोकपणे म्हणता येतं. एकच प्राणी एकाच वेळी प्रयोगही असतो आणि तुलनाही. अशा प्रयोगांमुळेच जनुकांमधला हा चढउतार पेशीच्या स्वतःच्या अनुभवाशी जोडता आला.

हे काम मेंदूनेच का करू नये? तो करतोच, घ्राणकंद आणि त्यापुढचे भाग सवय होण्यात मोठा वाटा उचलतात. पण पार्श्वभूमीचा वास नाकातच दाबला गेला, तर मेंदूकडे जाणाऱ्या संदेशात नव्या गोष्टीचं प्रमाण आधीच वाढलेलं असतं. भक्ष्य आणि भक्षक यांच्या वासावर ज्याचं आयुष्य अवलंबून आहे, अशा प्राण्याला हे फायद्याचं आहे. पण एक पेचही उभा राहतो, आणि त्याची चर्चा व्हावी तितकी होत नाही. कुठलाही वास एका ग्राहीने ओळखला जात नाही, अनेक ग्राहींच्या कमी-अधिक प्रतिसादांच्या मेळातून ओळखला जातो. ते प्रतिसादच जर कालच्या जागेप्रमाणे बदलत असतील, तर एकाच वासाचा मेळ दोन ठिकाणी दोन प्रकारचा होणार. तरीही आपल्याला तो वास तोच वाटतो. म्हणजे मेंदूचं काम हलकं झालं म्हणावं तर ते दुसऱ्या बाजूने वाढलेलं आहे.

असं केंद्रकात शिरून सवय लावून घेणं ही सस्तन प्राण्यांची मक्तेदारी नाही. सी. एलिगन्स नावाचा, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा कृमी ब्युटेनोन या रसायनाच्या वासाकडे ओढला जातो. तोच वास बराच वेळ दिला आणि अन्न दिलं नाही, तर तो त्याकडे दुर्लक्ष करू लागतो. नोएल लेट्वाल यांच्या गटाने २०१३ मध्ये त्यामागची यंत्रणा दाखवली. वास टिपणाऱ्या चेतापेशीतलं एक प्रथिन केंद्रकात शिरतं, आणि ज्या जनुकावर त्या वासाची संवेदना अवलंबून असते, ते जनुक छोट्या आरएनए रेणूंकरवी दाबलं जातं. कृमीच्या शरीरात चेतापेशी ३०२, आणि तरीही ही सोय आहे.

आठवडे: कोण जगणार, कोण जाणार

मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी एकदाच बनतात. गंधपेशींचं तसं नाही. त्या मरतात आणि त्यांच्या थराच्या तळाशी असलेल्या मूळपेशींतून नव्या तयार होत राहतात. उंदरात त्यांचं आयुष्य साधारण काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंतचं. त्यामुळे वासाला आणखी एका वाटेने नाक बदलता येतं: कोणत्या प्रकारच्या पेशी किती टिकतील यावर परिणाम करून.

२०१२ मध्ये स्टीफन सँटोरो आणि कॅथरीन डुलाक यांनी त्यातला एक दुवा शोधला. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेलं असतं त्यांना हिस्टोन म्हणतात. उंदरांच्या गंधपेशीत एक वेगळा हिस्टोन सापडला, एचटूबीई नावाचा. नेहमीच्या एचटूबीपेक्षा त्यात फरक फक्त पाच अमिनो आम्लांचा. पण या पाचांनी पेशीचं नशीब बदलतं. जी पेशी वासाने वरचेवर उद्दीपित होते तिच्यात हा हिस्टोन कमी असतो. जिला काही कामच पडत नाही तिच्यात तो साचत जातो, नेहमीच्या हिस्टोनची जागा घेतो, जनुकांचं कामकाज बदलतो आणि पेशी लवकर मरते. म्हणजे वापरातल्या पेशी टिकतात, बिनवापराच्या गळतात, आणि महिनोन्‌महिने असं चाललं की नाकातली पेशींची संख्याच भोवतालच्या वासांना साजेशी होत जाते.

चित्र इतकं सरळ असतं तर बरं झालं असतं. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या डॅरेन लोगन यांच्या गटाने वेगवेगळ्या वंशाच्या उंदरांच्या नाकातल्या सगळ्या प्रकारच्या पेशींची मोजदाद केली. कोणत्या ग्राहीच्या पेशी किती, हे मुख्यतः आनुवंशिक रचनेवर ठरतं असं त्यात दिसलं. दीर्घकाळ वास दिल्यावर काही प्रकारच्या पेशींच्या प्रमाणात फरक पडला, पण मोजक्याच. शिवाय दिशा एकच नव्हती: काही वाढल्या, काही घटल्या. माझं मत विचाराल तर आठवड्यांच्या पातळीवरचा परिणाम खरा आहे, पण पूरक आहे. तासांच्या पातळीवरचा रेग्युलेटर जास्त ठाशीव आणि जास्त पेशींत दिसतो.

ग्राहीला वळसा घालणारा वास

आतापर्यंतची सगळी उदाहरणं एकाच रस्त्याची: रेणू ग्राहीत बसतो, पेशी उद्दीपित होते, मग जनुकं हलतात. काही रेणूंना मात्र ग्राहीची गरजच पडत नाही. डायॲसिटिल हा लोण्यासारख्या वासाचा रेणू यीस्टमुळे आंबणाऱ्या फळांभोवती असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या आनंदशंकर रे यांच्या गटाने फळमाश्यांना पाच दिवस त्याच्या वाफेत ठेवलं. त्यांच्या शृंगिकांमधल्या, म्हणजे माश्यांच्या ‘नाका’तल्या, जनुकांची सक्रियता बदलली. कारण असं निघालं, की हा रेणू हिस्टोनवरचे ॲसिटिल गट काढून टाकणाऱ्या विकरांना अडवतो. ते गट जागेवर राहिले की डीएनएची गुंडाळी सैल राहते आणि जनुकं चालू व्हायला वाट मिळते. उंदरांमध्ये डायॲसिटिलमुळे मेंदूतल्याही जनुकांच्या सक्रियतेत फरक पडतो. हंटिंग्टन या मेंदूतल्या पेशी हळूहळू नष्ट करणाऱ्या आनुवंशिक आजाराचं प्रतिरूप असलेल्या माश्यांमध्ये या वाफेने चेतापेशींची हानी मंदावली.

अशा बातमीनंतर कुणीतरी ‘वासाने मेंदूचा आजार बरा’ असं म्हणणारच, म्हणून सांगतो: हेच डायॲसिटिल मोठ्या प्रमाणात श्वासावाटे गेल्याने अमेरिकेतल्या पॉपकॉर्न कारखान्यांतल्या कामगारांच्या फुप्फुसांच्या बारीक नळ्या कायमच्या निकामी झाल्याची नोंद आहे. त्या आजाराला ‘पॉपकॉर्न लंग’ हे नावच पडलं. पेशीच्या आत शिरून जनुकांना हात घालणारा रेणू फायदा कुठे करील आणि घात कुठे, हे मात्रेवर ठरतं.

पुढच्या पिढीत जातं का?

२०१४ मध्ये ब्रायन डायस आणि केरी रेस्लर यांच्या एका शोधनिबंधाने बरीच खळबळ उडाली. त्यांनी नर उंदरांना ॲसिटोफिनोन या रसायनाचा वास देऊन त्याबरोबर पायाला सौम्य विजेचा झटका दिला. उंदीर त्या वासाला घाबरू लागले, यात नवल नाही. नवल पुढे होतं. त्यांच्या पिल्लांनी, आणि पिल्लांच्या पिल्लांनीही, तो वास आयुष्यात कधी घेतला नसताना त्याला जास्त दचकून प्रतिसाद दिला. त्या वासाच्या एम७१ नावाच्या ग्राहीच्या पेशींचे तंतू घ्राणकंदात जिथे पोचतात, ती जागा पिल्लांमध्ये मोठी होती. नरांच्या शुक्राणूंत त्या ग्राहीच्या जनुकावरच्या रासायनिक खुणाही कमी आढळल्या.

पण नाकातल्या पेशींनी घेतलेला वास शुक्राणूंपर्यंत कसा पोचतो, याची पटेल अशी वाट त्या निबंधात नव्हती. ग्रेगरी फ्रान्सिस यांनी त्याच वर्षी संख्याशास्त्राच्या अंगाने आक्षेप घेतला: इतक्या छोट्या नमुन्यांवर केलेले इतके सगळे प्रयोग एकामागोमाग यशस्वी व्हावेत, हेच संशयास्पद आहे. मला हा आक्षेप वजनदार वाटतो. तो वास शिकलेल्या उंदरांच्या स्वतःच्या नाकात त्या ग्राहीच्या पेशी वाढतात, हा निष्कर्ष मानायला हरकत नाही. नातवंडांपर्यंतचा दावा मात्र हातचा राखूनच वाचावा.

माणसाच्या नाकात

उंदराच्या नाकातली पेशी हवी तेव्हा काढून तपासता येते, माणसाची नाही. म्हणून माणसांबद्दलचा बराचसा पुरावा वागणुकीतून येतो. त्यातला गाजलेला धागा ॲन्ड्रोस्टिनोन या रेणूचा. काहींना त्याला घाम-लघवीसारखा उग्र दर्प येतो, काहींना तो गोडसर वाटतो आणि बऱ्याच जणांना त्याचा वासच येत नाही. हा फरक काही अंशी एका ग्राहीच्या जनुकातल्या भेदांमुळे पडतो, हे २००७ मध्ये कळलं. त्याच्या कितीतरी आधी, १९८९ मध्ये, फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या चार्ल्स वायसोकी आणि सहकाऱ्यांनी हा वास न येणाऱ्या वीस जणांना सहा आठवडे रोज तो हुंगायला लावला. त्यांतल्या निम्म्या जणांना तो येऊ लागला.

जनुक तेच, तरी वास येऊ लागला. मग बदललं काय, नाक की मेंदू? २००२ मध्ये नोआम सोबेल यांच्या गटाने एक नाकपुडी बंद करून फक्त दुसरीला ॲन्ड्रोस्टिनोन दिलं. काही आठवड्यांनी बंद असलेल्या नाकपुडीलाही तो कळू लागला होता. दोन नाकपुड्यांतल्या पेशींचा आपसात संबंध नसतो, तेव्हा हे शिकणं मेंदूत झालं असलं पाहिजे. प्रकरण मिटलं असं वाटत असतानाच, २००४ मध्ये दुसऱ्या एका प्रयोगात वारंवार वास घेतलेल्या माणसांच्या नाकातल्या थरावरचा विजेचा संदेशच वाढल्याचं आढळलं, आणि तो तर मेंदूच्या आधी मोजला जातो. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. दोन्ही ठिकाणी बदल होतो, एवढाच अर्थ निघतो. मात्र इथे दिशा उलटी आहे हे ध्यानात घ्या: सतत वासात राहिलेली उंदराची पेशी मंदावते, आणि रोज थोडा थोडा वास घेणाऱ्या माणसाचं नाक तल्लख होतं. सतत आणि अधूनमधून यांतला फरक पेशीसाठी फार मोठा असणार.

कोविडमध्ये लाखो लोकांचा वास गेला, तेव्हा जनुकांच्या सक्रियतेचा हा विषय अचानक प्रयोगशाळेबाहेर आला. विषाणू गंधपेशींना फारशी लागण करत नाही. तो त्यांच्या शेजारच्या आधारपेशींना पकडतो. मग गंधपेशी जिवंत असताना वास का जातो? लोमवर्दास यांच्या गटाने २०२२ मध्ये हॅमस्टर आणि मृत रुग्णांच्या नाकातल्या ऊती तपासून उत्तर दिलं. शेजारच्या गोंधळामुळे गंधपेशीच्या केंद्रकातली ती बेटांची नाजूक जुळणी विस्कटते आणि ग्राहीचं जनुक मंदावतं. पेशी असते, पण तिच्याकडे वास पकडायला पुरेसे ग्राही नसतात.

वास परत आणण्यासाठी हल्ली डॉक्टर जो गंध-सराव सुचवतात, तो कोविडच्या बराच आधीचा आहे. ड्रेस्डेनमधल्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये तो मांडला: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास, दिवसातून दोनदा, बारा आठवडे, रोज न चुकता. एकेक वास काही सेकंद लक्ष देऊन घ्यायचा आणि मध्ये थांबायचं. सगळ्यांनाच गुण येत नाही, पण सराव करणाऱ्या गटात सुधारणा जास्त दिसली. बारा आठवडे हा काळ नव्या गंधपेशी तयार होऊन कामाला लागण्याला पुरेसा आहे. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत काही जाणवलं नाही म्हणून सराव सोडणाऱ्याने तो फार लवकर सोडलेला असतो.